एकोणचाळीस मिनिटं

घरात सगळ्यांचा समज आहे की माझ्या टेबलाच्या डाव्या खणाची किल्ली हरवली आहे. हरवलेली नाही. ती देवघरातल्या कापसाच्या डबीत आहे, वातींच्या खाली. त्या खणात काय आहे हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, लेकीला तर नाहीच. नवऱ्याला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा ‘चहा टाकू का?’ एवढंच विचारलं. आता लेक म्हणते, आई, ते जुनं टेबल भंगारात काढू या. काढा बापडे. पण त्याआधी तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून.

खणात एक सीडी आहे. हसू नका. चिठ्ठ्या नाहीत, फोटो नाहीत, कुणाचा दागिना नाही. संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटाच्या पाठीवर अजून डिंकाचा डाग. आणि तिच्यापायी मी एका बाईचं — थांबा. असं एकदम नाही सांगता येत मला. मी जन्मभर हार्डवेअरचं काम केलं. एक स्क्रू काढला की तो कुठल्या भोकातला हे लक्षात ठेवून मगच दुसरा काढायचा, ही सवय. तसंच सांगते.

अकोल्याला आमच्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी मूळची तेल्हाऱ्याची. बाईमाणसानं स्क्रूड्रायव्हर धरणं ही तेव्हा लोकांना गंमत वाटायची, पण मी डिप्लोमा केला होता आणि माझा हात चांगला होता — उगीच खोटं कशाला बोलू? सकाळ-संध्याकाळ शिकवायचं, दुपारी दुरुस्त्या करायच्या. नवरा नांदगाव पेठेला एका कापडाच्या कारखान्यात. तिकडेच खोली घेऊन राहायचा, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मूलबाळ अजून नव्हतं. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्या कमी. भाजी कोणती आणि दार लावलं का, या दोन प्रश्नांवर आमचा दिवस निघायचा.

ते दिवस कसे होते, हे वऱ्हाडात राहिलेल्या माणसाला मी काय सांगू? कापसाचं जे झालं ते बाकीच्यांनी पेपरात वाचलं. मला ते क्लासमध्ये दिसायचं. दहा मशिनं होती. त्यातल्या सहांवर मी कापडाची झाकणं घालून ठेवली होती. खेड्यांवरून एसटीनं येणारी मुलं एकेक करून यायची थांबली. ‘मॅडम, पुढच्या हंगामात येतो,’ म्हणायची. मी म्हणायचे, ये. सगळा जिल्हाच तेव्हा पुढच्या हंगामाची वाट बघत बसलेला होता.

अशात नसीम आली. उन्हाळ्यातला गुरुवार होता, टळटळीत दुपार. दारात सायकलरिक्षा थांबली आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून एक बाई उतरली. मला वाटलं, आजारी लेकरू आहे. दवाखाना पुढच्या गल्लीत, असं सांगणार होते, तोवर तिनं माझ्या टेबलावर गोधडी सोडली. आत कॉम्प्युटरचा सीपीयू.

“मॅडम, याच्यात भूत हाये,” ती म्हणाली. “नेट लावलं का सोताचीच मौत मोजते. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन... अन् शून्यावर आलं का गप.”

भूत नव्हतं, किडा होता. इंटरनेटवरून आपोआप शिरणारा. ज्यांच्याकडे तेव्हा संगणक होता त्यांना ती चौकट आठवत असेल — साठ सेकंदांत मशीन बंद होणार, कामं आवरून घ्या. आणि समोर एकेक सेकंद कमी होताना बघत बसायचं. मी तिला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “म्हन्जे भूतच ना वो.” मी हसले. माझं मलाच ते हसणं नवीन वाटलं.

नसीम माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, लग्न न झालेली, युनूसभाईंची एकुलती मुलगी. युनूसभाईंची जुन्या भागात छोटी प्रेस होती. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या. एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवायची आणि छापायची. लग्नपत्रिका हेच त्यांचं मुख्य काम, मराठी आणि उर्दू दोन्ही. नसीम खिळ्यांतच वाढली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटी मराठी तिला सुलटीसारखी वाचता यायची. एकदा मी लिहीत असताना समोर बसून तिनं माझी वही उलट्या बाजूनं घडाघडा वाचून दाखवली, हिशेबाच्या चुकीसकट.

पण त्या दोन-तीन वर्षांत गावोगावची लग्नं पुढे ढकलली गेली. जी झाली ती फोनवर बोलावून, नाहीतर देवळात चार माणसांत. पत्रिका कोण छापतो? प्रेस दिवसचे दिवस बंद राहायला लागली. मग नसीमनं एक जुना कॉम्प्युटर घेतला, उर्दू आणि मराठी टायपिंग स्वतःच्या स्वतः शिकली, आणि नागपूरच्या एका प्रकाशकाला कागदावर नमुने पाठवले. त्याची उर्दू शाळांची पुस्तकं निघायची. त्याला काम पसंत पडलं. वर्षभराची पुस्तकं द्यायला तयार झाला, फक्त एक अट घातली. पानं ईमेलवर येतील, दुरुस्त करून त्याच दिवशी परत पाठवायची, तुमच्या प्रेसमधून. आज इथून, उद्या तिथून, असलं त्याला चालणार नव्हतं. आणि नसीमचं मशीन नेट लावलं की साठ मोजत मरायचं.

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं ते? मलाही कळलं होतं. पहिल्याच दिवशी. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना एवढं विसरू नका — मला सगळं कळत होतं.

आमच्या धंद्यात तेव्हा सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. फॉरमॅट मारायचं. मशीन कोरं करून सगळं पहिल्यापासून टाकायचं. ते टाकताना पडद्यावर एक पाटी यायची, अजून एकोणचाळीस मिनिटं लागतील म्हणून. मशीन नवं असो की जुनं, पाटी एकोणचाळीसचीच. तेवढा वेळ करण्यासारखं काही नसायचं. बसायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी बसलो. मी चहा केला. तिनं पदराखालून — पदर नाही, ओढणी — डबा काढला, त्यात गुलगुले होते. ती बोलत होती, मी ऐकत होते. मध्येच म्हणाली, “काहून एवढ्या गप असता वो तुमी? तोंडाले बी पासवर्ड हाये का?”

त्यानंतर मी बोलायला लागले. काय बोलले विचारू नका, सगळंच. तेल्हाऱ्याच्या घरामागचं बोराचं झाड. नवरा रविवारी दिवसभर झोपतो ते. दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत, ते — हे मी आईलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. ती माझा हात धरून बसली, आणि पाटी संपल्यावर म्हणाली, “मॅडम, झालं वाटते.” आणि दोघी डोळे पुसून मशीनकडे वळलो.

कोरं केलेलं मशीन तीन-चार दिवस बरं चालायचं, नेट लावलं की पुन्हा किडा. लहान-मोठी ठिगळं मी लावून द्यायचे, पण एका किड्याचा बंदोबस्त करावा तर आठवड्यात दुसरा. म्हणून ती दर गुरुवारी यायची. गुरुवारच का? लोडशेडिंग. गुरुवारी दुपारी प्रेसच्या भागात लाइट नसायची आणि आमच्या भागात असायची. पुढे मला लोडशेडिंगचा राग येईनासा झाला. वीज मंडळावर सगळं शहर चिडलेलं असताना मी एकटी त्यांचं भलं चिंतत होते.

खरा इलाज एकच होता, आणि तो अजून यायचा होता. हिरव्या टेकडीचं चित्र असलेली जी प्रणाली तेव्हा सगळ्यांच्या मशीनवर होती, तिचा मोठा सर्व्हिस पॅक निघणार होता. सगळी ठिगळं एकत्र, आणि वर बाहेरून शिरणाऱ्यांसाठी बंद दार. मी नसीमला सांगितलं, तुझ्या घराला दार आहे पण कडी नाही. त्या पॅकमध्ये कडी येणार आहे. तेव्हापासून तिनं त्या पॅकची जी वाट बघितली! आज येणार, उद्या येणार, असं चाललं होतं. मासिकात बातमी यायची की या महिन्यात, मग यायचं की पुढच्या. फोनच्या तारेवरून एवढा मोठा पॅक उतरवणं आमच्याकडे शक्यच नव्हतं, दोन दिवस लागले असते आणि मध्येच लाइन तुटली असती. तो मासिकाच्या सीडीवरच मिळणार होता. नसीम दारातूनच विचारायची, “आला का वो तो पॅक?” युनूसभाईंना तर तो कुणीतरी माणूसच वाटायला लागला होता. भंगारवाला ट्रेडल मशीन मागायला यायचा, त्याला ते सांगायचे, पॅक येऊ दे, मग बघू. एकदा स्वतः आले आणि माझ्या क्लासच्या नावाची पत्रकं देऊन गेले, खिळ्यांवर छापलेली, सुंदर. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “हमारे मशीन की डॉक्टरनी हैं आप.”

मीही वाट बघत होते. हे खरं आहे. सुरुवातीला मीही तिच्याएवढीच वाट बघत होते. आम्ही दोघी मिळून एका गोष्टीची वाट बघत होतो, आणि तेवढं सुख मला त्या घरात आल्यापासून मिळालं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी मी क्लास झाडून घ्यायचे. गुरुवारी इस्त्रीची साडी. सासूबाई एकदा म्हणाल्या, “आज कोन येते?” मी म्हटलं, गिऱ्हाईक. तुम्ही यात हवं ते वाचा. मला त्याला नाव देता आलं नाही, अजूनही येत नाही. मैत्रीण हा शब्द आहे की नाही? साधा शब्द. मला नव्हती, आणि आता होती.

मग तो आला. पावसाळा सरताना, मंगळवारी. स्टेशनवरच्या पुस्तकवाल्यानं माझ्यासाठी अंक बाजूला काढून ठेवला होता. मुखपृष्ठावर चिकटवलेली सीडी, वर मोठ्या अक्षरांत तेच. मी घरी आणली, माझ्या मशीनवर लावून बघितली. चालली. आता गुरुवारी नसीमला दाखवायची, तिचा चेहरा बघायचा — हेच मनात होतं, देवाशपथ हेच होतं. सीडी खणात ठेवली.

गुरुवारी ती आली. छातीशी गोधडी, हातात डबा. दारातून विचारलं, “आला का वो तो पॅक?”

आणि मी म्हणाले, “नाही.”

कसं झालं? खरं सांगते, मी ठरवलं नव्हतं. तिच्या मागे रिक्षावाला उभा होता, ती घाम पुसत हसत होती, आणि मला एकदम दिसलं की आज कडी लागली की पुढच्या गुरुवारी ही येणार नाही. का येईल? बऱ्या झालेल्या माणसाला कोणी डॉक्टरकडे नेतं? तोंडातून ‘नाही’ गेलं. मी तिच्या मशीनला फॉरमॅट मारलं. पाटी आली, एकोणचाळीस मिनिटं. आम्ही चहा घेतला.

एकदाच, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या गुरुवारी म्हटलं, सीडी आली पण चरे पडलेली निघाली, परत पाठवली आहे. ही थाप मी आदल्या रात्रीच तयार करून ठेवली होती. मग म्हटलं, पुढच्या अंकात येणार म्हणे. एका गुरुवारी तिनं विचारलंच नाही, तिला घरचं काही टेन्शन होतं, तर मीच आपण होऊन म्हणाले, पॅक अजून आला नाही हं. चोराच्या मनात... जाऊ द्या. सात गुरुवार. मोजलेले आहेत. सात वेळा तिचं चांगलं मशीन मी कोरं केलं, आणि तिनं पुन्हा बसून उर्दूचे फॉन्ट टाकले, टायपिंगची सगळी मांडणी पुन्हा लावली. तिचा अर्धा आठवडा त्यात जायचा. मला माहीत होतं. तीच सांगायची, हसत.

सातव्या गुरुवारी ती वेगळीच दिसली. म्हणाली, नागपूरचा आता थांबायला तयार नाही. सोमवारी अकराला वीस पानं पाठवणार आहे. चारपर्यंत परत गेली तर वर्षाचं काम आपलं, नाही गेली तर दुसऱ्याचं. “सोमवारी चालन ना वो, मॅडम?” तिनं मला विचारलं. माझ्या डाव्या गुडघ्याला खण लागत होता.

मी म्हणाले, “चालेल. फक्त सोमवारपर्यंत नेट लावू नको.”

ऐकलंत? मी हिशेब केला. कोरं मशीन, तीन दिवस नेटला हात नाही, सोमवारी पाच तास टिकलं म्हणजे झालं — टिकेलच, असं मी धरून चालले. तिच्या घरच्या भाकरीवर मी जुगार खेळले. आणि तोवर तो पॅक येऊनही महिना-दीड महिना झाला होता. किडे इतके वाढले होते की कडी नसलेलं मशीन अर्धा तासही टिकत नव्हतं. हे मासिकात छापून आलेलं मी वाचलं होतं.

सोमवारी क्लासमध्ये चार मुली होत्या. साडेअकराला फोन वाजला.

“मॅडम, सुरू झालं वो परत. साठ.” मागून युनूसभाईंचा आवाज येत होता, पूछ बेटा, क्या करना पूछ. मी म्हणाले, बंद कर, पाच मिनिटांनी लाव. बारा वाजता पुन्हा फोन. वीस पानं आली होती, चारच उतरली होती. “मॅडम, तुमी येता का?” इतक्या महिन्यांत तिनं मला कधी ये म्हटलं नव्हतं. नेहमी तीच यायची, ते धूड मांडीवर घेऊन.

रिक्षानं पंधरा मिनिटं. सीडी खणात. आणि थापही तयार होती, बघा — आत्ताच आली म्हणून सांगता आलं असतं! कुणाला कळलं असतं? माझी अब्रू जाणार नव्हती, काहीच जाणार नव्हतं. तरी मी म्हणाले, “क्लास चालू आहे गं.”

एकला पुन्हा वाजला. एक मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, वाजू दे. तो वाजत राहिला. मी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, पण तो नऊ वेळा वाजला हे आठवतं.

इथवर सांगणं त्यामानानं सोपं होतं. इथवर मी तुम्हाला एकटी, बिचारी, थोडी चुकलेली बाई वाटत असेन. पण का गेले नाही त्या दिवशी? एकटेपणानं? त्याला एकटेपणा म्हणू नका. मी गेले नाही कारण मला ते काम तिला मिळायला नको होतं. वर्षभराचं काम मिळाल्यावर तिला माझ्यासाठी गुरुवार कुठून असणार होता? तिची प्रेस चालली असती, तिला माणसं भेटली असती, नागपूरला जाणं-येणं झालं असतं. आणि मी इथे, भाजी कोणती आणि दार लावलं का. मला ती अडलेली हवी होती. माझ्याकडे येण्याएवढी अडलेली. हेच ते. वीस वर्षं तोंडातून निघत नव्हतं ते हेच.

त्या गुरुवारी ती आली. चालत. हात मोकळे होते, गोधडी नाही, डबा नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “गेलं वो काम. दुसऱ्याले देल्लं.” मला वाटलं आता विचारेल, फोन का उचलला नाहीत? विचारलं असतं तर कदाचित मी सांगून टाकलं असतं. तिनं विचारलं नाही. माझा चेहरा बघून उलट तीच उठली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तुमी काय करसान, मॅडम? पॅकच नाई आला तं.”

मी रडले. तिला वाटलं, तिच्यासाठी रडते आहे. तिनं माझे डोळे पुसले. मी पुसू दिले.

महिन्याभरात ट्रेडल मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. खिळे शिशाच्या भावानं गेले. युनूसभाई कुणा भाच्याच्या आधारानं अचलपूरला गेले, नसीम त्यांच्याबरोबर. जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली तो गुरुवार नव्हता, मी बाजारात गेले होते. सासूबाईंजवळ डबा ठेवून गेली. डबा परत करायचा राहिला, अजून आमच्याकडेच आहे, त्यात शेंगदाणे असतात. पुढचा किती काळ गुरुवारी दुपारी रिक्षाची घंटी वाजली की मी उठून दाराशी यायचे. तिच्यासाठी मी इतकं केलं, आणि तिलाच घालवून बसले — असं म्हणणार होते. पण तिच्यासाठी मी काही केलंच नव्हतं.

नंतर माझं सगळं नीट झालं. लेक झाली, नवरा अकोल्याला आला, क्लासही पुन्हा भरला. दुसऱ्यांच्या मशिनांवर मी तीच सीडी किती वेळा लावली असेल! शंभरएक घरांना कडी लावून दिली. शिकवतानाही सांगायचे, पोरींनो, आलेला पॅक लगेच टाकावा, उद्यावर ढकलू नये. पुढे तो पॅक जुना झाला, प्रणालीही जुनी झाली, आणि सीडी खणात ठेवून मी कुलूप लावलं.

मागच्या हिवाळ्यात मी अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. “अवो मॅडम!” अशी हाक आली आणि मला वळून बघायचीसुद्धा गरज पडली नाही. तीच. केस पांढरे, चष्मा, आवाज तसाच. बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. अचलपूरलाच लग्न झालं म्हणाली, युनूसभाई जाऊन खूप वर्षं झाली, ती आता ब्लाउजांना मणी लावून देते, बरं चाललं आहे. मुलीला पुढे ओढून म्हणाली, “ह्याच त्या मॅडम. ह्याईनंच मले कॉम्प्युटर शिकवला.” मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. उर्दू टायपिंग करतेस का अजून, असं मी नसीमला विचारलं.

“नाई वो. बोटं विसरून गेले.” असं म्हणून तिनं हवेतच दहा बोटं नाचवून दाखवली, आणि हसली.

अचलपूरची गाडी लागली. मुलीनं धावत जाऊन जागा धरली. नसीम पायरीवर चढली, दांडा धरला आणि मागे वळली. डोळ्यांत तोच जुना खोडकरपणा.

“अन् काय वो मॅडम, आला का मंग तो पॅक?”

ती गंमत करत होती. गाडी सुटायला दोन मिनिटं होती. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य मला पाठ होतं, वीस वर्षं पाठ होतं.

मी हसले. आणि आठव्यांदा म्हणाले, “नाही गं. अजून नाही आला.”